वाचनालयाचं संगणकीकरण : सॉफ्टवेअर ठरलं, माणसांचं काय ठरवायचं?

धागाकर्ती : गोदाकाठची

नमस्कार.

मराठवाड्यातल्या वाचनालयांत काम करणारे, पूर्वी केलेले, कार्यकारिणीवर असलेले आणि नुसते वाचक असलेले, सगळ्यांसाठी हा धागा काढतेय. मी गोदावरीकाठच्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. वाचनालय अनुदानाच्या अ-ब-क-ड वर्गांपैकी 'अ' वर्गाचं, निजामाच्या काळातलं. सर्वांत जुन्या दाखल नोंदवहीत (आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात चढवतात त्या वहीत) तारखा निजामी राज्यातल्या फसली सनात आहेत, काही नोंदी मोडी लिपीत. ग्रंथसंख्या तीस हजारांच्या आसपास. कर्मचारी आम्ही चौघं.

कार्यकारिणीने यंदा ठराव केला : वर्षभरात सगळ्या ग्रंथांची संगणकात नोंद, प्रत्येकाला बारकोड आणि देवघेव स्कॅनरवर. केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर घ्यावं, मुक्त स्रोतातलं कोहा घ्यावं की एखादं विकतचं, यावर भरपूर चर्चा झाली. इन्व्हर्टरला किती बॅटऱ्या, स्कॅनर कोणत्या कंपनीचा, इथपर्यंत बोलून झालं. ज्यांनी हे चालवायचं त्यांच्यापैकी बैठकीला फक्त मला बोलावलं, तेही आकडे सांगायला.

माझं म्हणणं आधीच मांडते. नव्या यंत्रणेला नको म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याकडे बहुतेक वेळा ठोस कारण असतं. ते कारण शोधून दूर होईपर्यंत खरेदी करू नये. 'जुनी खोडं आहेत, शिकायला नको असतं' हे मी खूप ऐकलंय. मला ते पटत नाही, कारण रोज त्यांच्याबरोबर बसते.

आमच्या शिपायांना सगळं गाव मामा म्हणतं. देवघेवीचं टेबल त्यांच्याकडे. पुस्तकाच्या आतल्या खिशातलं पुस्तकपत्र काढायचं, ते वाचकाच्या पाकिटात घालायचं, पाकीट परतीच्या तारखेच्या खणात उभं करायचं, पुस्तकावर शिक्का मारायचा. वाचक दारात चपला काढेपर्यंत मामांचा अंगठा ट्रेमधल्या पाकिटांवरून फिरून त्याच्या पाकिटावर थांबलेला असतो. निवृत्त शिक्षिकाबाई आल्या तर सांगतात, "ताई, हे तुम्ही वाचलेलं हाय, मागच्या पोळ्याला नेलतं." कुणाला वडील गेल्यावर वाचवत नव्हतं, कुणाला मोठ्या अक्षराचंच लागतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात.

ठराव झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं : "ताई, मशीन आल्यावर मला कुठं बसवायलात?"

या प्रश्नाचं उत्तर ठरावात नव्हतं.

दुसरे आमचे सहायक. त्यांचा नकार वेगळा. काही वर्षांपूर्वी एका पुरवठादाराने आम्हाला एक सॉफ्टवेअर दिलं होतं. सहायकांनी उन्हाळे घालवून हजारो नोंदी टंकल्या. मग हार्ड डिस्क गेली, बॅकअप नव्हता, पुरवठादार फोन उचलेना. हाती उरली ती श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये टंकलेली एक अर्धवट एक्सेल यादी. ते आता म्हणतात, "मी हे एकदा केलंय. परत करायला सांगायलेत, तर आधी ते कुठं गेलं ते सांगा." याला बदलाची भीती म्हणायचं का? हा माणूस तर गावात सर्वांत आधी बदलला होता.

तिसरी गोष्ट हिशोबाची. दिवसाला ५० नोंदी धरल्या तरी ३०,००० ग्रंथांना ६०० कामाचे दिवस लागतात. सकाळ-संध्याकाळची देवघेव, वर्तमानपत्रं लावणं, अभ्यासिकेतल्या मुलांचं पाहणं, हे सगळं चालू ठेवून. ठरावात मात्र एक वर्ष. आणि नोंदवह्याही चालूच ठेवायच्या आहेत, कारण तपासणीला त्या लागतात. म्हणजे प्रत्येक पुस्तक दोनदा द्यायचं, दोनदा घ्यायचं. नवं काम दिलं तेव्हा जुनं कोणतं काढून घेतलं, हे कुणी सांगत नाही. माझ्या मते संगणकीकरण इथंच मरतं. पहिला महिना दोन्हीकडे लिहितात, मग घाईत वहीत तेवढं लिहितात, आणि वर्षभरात संगणकावर फक्त पत्रं टंकली जातात.

संगणक मला हवा आहे, मनापासून हवा आहे. एकाच लेखकाची पुस्तकं तीन कपाटांत विखुरलेली असताना स्पर्धा परीक्षेची मुलगी तासभर शोधते आणि रिकाम्या हाताने जाते, हे मला बघवत नाही. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यांतलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याचं. तो वाचवायचा तर हे करायलाच हवं.

तुमच्याकडे कसं झालं? माणसांचं काय केलंत? सविस्तर लिहा.

---

मांजराकाठ

ताई, मी लातूर जिल्ह्यातल्या एका वाचनालयाचा कार्यवाह आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

सगळ्यांची कारणं ऐकत बसलो तर काहीच होत नाही. आमच्याकडे संगणक घेऊन ठेवला, तर कुणी त्यावरचं कापड काढेना. लाइट नव्हती, माऊस चालत नव्हता, डोळे दुखत होते. शेवटी अध्यक्षांनी एक तारीख ठरवली आणि त्या दिवशी ट्रे उचलून माळ्यावर टाकला. महिनाभर गोंधळ झाला, पण आज देवघेव संगणकावर चालते.

अनुदान वेळेवर येत नाही, वर्गणीतून काही भागत नाही, देणगीदाराने संगणक दिला आणि वर्षाने येऊन पाहिलं तर धूळ. त्याला काय तोंड दाखवायचं? कार्यकारिणीचे लोक पदरमोड करून वेळ देतात, तेवढंही लक्षात घ्या. कधीकधी ठाम राहावं लागतं.

---

गोदाकाठची

दादा, लिहिलंत ते बरं झालं. ठाम राहण्याला माझी हरकत नाही. एक विचारते. ट्रे माळ्यावर गेला तेव्हा किती पुस्तकं वाचकांकडे होती, आणि त्यांतली किती परत आली? कुणाकडे कोणतं पुस्तक आहे ही त्या दिवसाची बाकी ट्रेमध्येच होती ना?

---

मांजराकाठ

खरं सांगायचं तर काही पुस्तकांचा पत्ता लागला नाही. ट्रे नंतर खाली आणून बाकी काढली, तोवर पाकिटं विस्कटली होती.

---

निवृत्त ग्रंथपाल, बीड

गोदाकाठची ताई, धागा वाचून राहवलं नाही. माझी सगळी नोकरी सार्वजनिक वाचनालयात गेली. मोठा प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या.

मराठवाड्यातल्या ग्रंथालयांना बदल नवा नाही. हैदराबाद राज्यात होतो तेव्हा १९५५ साली आपल्याकडे ग्रंथालयांचा कायदा झाला. मग भाषावार प्रांतरचना, मग १९६७चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९७०चे अनुदानाचे नियम, अ-ब-क-ड वर्ग. दर वेळी वह्या बदलल्या, तक्ते बदलले, वर्गीकरण आलं, तालिकापत्रं आली. हे सगळं चौथी-सातवी शिकलेल्या माणसांनी निभावलं. तेव्हा 'आपल्या लोकांना बदल झेपत नाही' हे म्हणणं इतिहासाला धरून नाही.

आता वहीबद्दल. २०१२ साली राज्यभर सार्वजनिक ग्रंथालयांची महसूल खात्याकडून पडताळणी झाली होती, आठवत असेल. महसुलातली माणसं आली, दाखल नोंदवही काढायला लावली, पुस्तकं समोर मोजली, सभासदांची यादी, देवघेव, वर्गणीच्या पावत्या सगळं पाहिलं. ज्यांच्या वह्या चोख होत्या ते सुटले. कित्येकांची मान्यता गेली, कित्येक खालच्या वर्गात आले. त्या दिवसांत जे टेबलामागे उभे होते त्यांनी वहीला वाचवणारी वस्तू म्हणून पाहिलंय. त्यांना 'वही बंद करा' म्हणाल तर ते हो म्हणतील आणि घरी जाऊन लिहितील.

म्हणून माझा सल्ला. वही बंद करण्याआधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला लेखी विचारा : संगणकावरून छापून, पानांना क्रमांक देऊन, सही-शिक्क्यासह बांधलेली देवघेव नोंद तपासणीला चालेल का? उत्तरही लेखी घ्या आणि फाइलला लावा. तोंडी 'चालतंय की' यावर कुठलाही जुना कर्मचारी विसंबणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. दाखल नोंदवही मात्र कागदावर राहू द्या. ती संस्थेची मालमत्ता नोंद आहे आणि तिच्यात भर रोज पडत नाही, त्यामुळे तिचं ओझंही नाही.

दुसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलतो. एकेक पुस्तक हातात घेऊन संगणकात नोंदायला लागलं की नसलेली पुस्तकं कळतात. वहीत तीस हजार आणि कपाटात अठ्ठावीस. ही दोन हजार कुणाच्या नावावर? जो आज खुर्चीवर आहे त्याच्या. मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांनी आधीच्या ग्रंथपालाकडून कार्यभार घेताना मोजदाद न करता सही केली, कारण मोजायला दिवसच दिले नव्हते. नंतर निवृत्तीच्या वेळी त्यांच्या पैशातून वसुली झाली. असा माणूस बारकोडच्या कामाला उशीर लावतो, कधी वीज नाही म्हणतो, कधी स्टिकर संपले म्हणतो. त्याला आळशी म्हणू नका, तो घाबरलेला असतो.

केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी एक शहाणी तरतूद आहे. वर्षभरात वाचायला दिलेल्या वा हाताळल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे ५ ग्रंथ गहाळ होणं वाजवी धरतात, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. एक हजार रुपयांहून महाग आणि दुर्मिळ ग्रंथांची मात्र चौकशी होते. हे नियम केंद्राच्या संस्थांचे आहेत, आपल्याला थेट लागत नाहीत. पण ज्या ग्रंथालयाची दारं उघडी आहेत तिथं पुस्तकं थोडी हरवणारच, हे सरकारही मान्य करतं, एवढं कार्यकारिणीला दाखवायला उपयोगी पडेल.

तेव्हा नोंदणी सुरू होण्याआधी ठराव करून घ्या की या कामात आढळलेली जुनी तूट आजच्या कर्मचाऱ्यांकडून वसूल केली जाणार नाही, तिचं निर्लेखन, म्हणजे ती पुस्तकं नोंदीतून कमी करणं, रीतसर होईल. हा ठराव वाचून दाखवा, प्रत हातात द्या. त्यानंतर कामाचा वेग बघा.

---

पैनगंगा_पोरगा

मूळचा हिंगोली जिल्ह्यातला, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. सुट्टीत गावाकडच्या वाचनालयाला मदत करतो. तांत्रिक बाजू लिहितो, पण तिचाही संबंध शेवटी माणसांशीच आहे.

गोदाकाठची ताई, ती श्रीलिपीची यादी फेकू नका! जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरांच्या जागी आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे सांकेतांक साठवलेले असतात. फाँट काढला की नुसता कचरा दिसतो. पण तो कचरा एका ठरावीक नियमाने झालेला असतो, त्यामुळे परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर दिसणाऱ्या सांकेतांकांत, आणता येतो. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतात, त्या हाताने सुधाराव्या लागतात. तरी पुन्हा टंकण्यापेक्षा कितीतरी कमी काम. आणि मुख्य म्हणजे तुमच्या सहायकांना त्यांचं बुडालेलं काम परत मिळेल. मी तर म्हणेन, नव्या यंत्रणेची पहिली भरती याच यादीने करा आणि तपासायला त्यांनाच बसवा.

टंकलेखनाबद्दल. जुने लोक मशीनवर रेमिंग्टन पद्धतीने शिकले. बोटं त्याच कळांवर बसलेली. युनिकोड आलं आणि आपण त्यांना वेगळ्या मांडणीचा इन्स्क्रिप्ट कळफलक दिला. मिनिटाला तीस-चाळीस शब्द टंकणारा माणूस एक बोट घेऊन अक्षर शोधायला लागला, आणि बघणाऱ्याने निष्कर्ष काढला की याला संगणक येत नाही. युनिकोडमध्येही रेमिंग्टन गेल नावाचा कळफलक मिळतो, विंडोजवर बसवता येतो. आमच्या गावच्या लिपिकांना तो बसवून दिला. त्यांनी दोन ओळी टंकल्या, थांबले, आणि म्हणाले, "अरे, हे तर आपलंच हाय!" दुसऱ्या दिवशी मी यायच्या आधी ते येऊन बसले होते.

ज्यांना टंकताच येत नाही त्यांच्यासाठी मोबाइलवर बोलून टंकण्याची सोय आहे. मामा पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक मोठ्याने वाचतील, ते शीटमध्ये उतरेल, सहायक तपासतील. नावांत चुका होतात, पण तपासणीचं काम टंकण्यापेक्षा हलकं असतं.

एक बारीक गोष्ट, जी नंतर फार छळते. 'ॲ' हे अक्षर दोन तऱ्हांनी साठवलं जातं : एकसंध, किंवा 'अ'ला वर चंद्र जोडून. डोळ्याला सारखं, संगणकाला वेगळं. 'ऱ्य'चंही तसंच. एकाने असं आणि दुसऱ्याने तसं टंकलं तर शोधताना अर्धी पुस्तकं सापडत नाहीत, आणि मग 'तुमच्या कॉम्प्युटरपेक्षा मामा बरे' हे वाचक म्हणणारच. सुरुवातीलाच एक पान लिहून भिंतीवर लावा : कोणतं अक्षर कसं टंकायचं, लेखकाचं नाव कोणत्या क्रमाने, टोपणनावाचं काय. परभणीचे बी. रघुनाथ घ्या. कुणी 'बी.'खाली टाकेल, कुणी 'रघुनाथ'खाली, कुणाला भगवान रघुनाथ कुळकर्णी हे पूर्ण नाव माहीत असेल तर तो 'कुळकर्णी'खाली. त्यातही कुणी कुलकर्णी लिहील. हे पान माझ्यासारख्याने लिहू नये, ज्यांना वाचक कसं मागतात ते माहीत आहे त्यांनी लिहावं. मामांना बसवा त्या बैठकीला.

बॅकअपचं : रोज संध्याकाळी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, आठवड्याला एक प्रत इमारतीबाहेर. सहायकांना स्वतः एकदा बॅकअपमधून सगळं परत उभं करून पाहू द्या. त्यांच्या मनातली जुनी अढी त्यानेच जाईल, माझ्या सांगण्याने नाही.

---

कवठ

वाचतोय. फार कामाचा धागा. पैनगंगा, त्या कळफलकाबद्दल कित्येक वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आजच आमच्या कार्यालयात बसवतो.

---

नांदेडची_ग्रंथपाल

मी महाविद्यालयात आहे, अनुदानित. आमच्याकडे गोष्ट उलट्या टोकाची आहे. पैसा आला, घाईही आली. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची असली की ग्रंथालयाचं स्वयंचलन हा मुद्दा असतो, त्यामुळे समितीच्या आधी सगळं होतं. इन्फ्लिबनेटचं सोल हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसलं, ई-पुस्तकांच्या एन-लिस्टची सदस्यता आली, मुलांना ई-पुस्तकं उघडी झाली. आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाने तर आरएफआयडीचं यंत्र घेतलं, विद्यार्थ्याने स्वतः पुस्तक ठेवायचं आणि पावती घ्यायची. मी पाहायला गेले तेव्हा ते बंद होतं. प्रशिक्षण फक्त ग्रंथपालांना मिळालं होतं, त्यांची बदली झाली. परिचरांना पासवर्डसुद्धा माहीत नव्हता.

यातून मी एक नियम स्वतःला घालून घेतला. प्रशिक्षण एकाला द्यायचं नाही, आणि वरच्याला आधी द्यायचं नाही. आमच्याकडे सोलची नवी आवृत्ती आली तेव्हा पुरवठादारांकडचा माणूस शिकवायला आला. मी त्याला काउंटरवर बसवलं, परिचर भाऊंच्या शेजारी, विद्यार्थ्यांच्या गर्दीच्या वेळी. सभागृहात पडद्यावर दाखवलेलं काही उपयोगाचं नसतं. प्रत्यक्षात काय होतं? विद्यार्थी ओळखपत्र विसरतो. बारकोडवर चहा सांडलेला असतो. एकाच पुस्तकाच्या सहा प्रतींपैकी भलत्याच प्रतीची नोंद झालेली असते. अशा वेळी काय करायचं ते भाऊंनी शिकून घेतलं, आणि नंतर मला त्यांनीच शिकवलं. ग्रंथपालाने परिचराकडून शिकण्यात कमीपणा नाही. उलट त्या दिवसापासून भाऊ यंत्रणेबद्दल 'तुमचं सॉफ्टवेअर' म्हणायचे थांबले.

मामांना कुठे बसवायचं, यावर माझं स्पष्ट मत. स्कॅनर मामांच्याच हातात द्या. टेबल तेच, खुर्ची तीच. स्कॅनर लावायला टंकता यावं लागत नाही. कार्डवर लाल रेघ, पुस्तकावर लाल रेघ, आवाज आला की झालं. पाकीट शोधण्यातून जो वेळ सुटेल तो वाचकाशी बोलण्यात जाऊ द्या. त्यांचं खरं कौशल्य तिथं आहे.

आणखी एक. रिक्त जागा भरल्या जात नाहीत, त्यामुळे नवं यंत्र म्हणजे 'आता या पदाची गरज नाही' हे सांगायची तयारी, अशी शंका कर्मचाऱ्यांना येते. ही शंका हवेतली नाही. संगणकीकरणामुळे कुणाचंही काम जाणार नाही हे व्यवस्थापनाने लेखी द्यावं. देता येत नसेल तर निदान खोटं आश्वासन देऊ नये.

---

दुधनाकाठ

जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात 'ड' वर्गाचं वाचनालय चालवतो. इथं कर्मचारी म्हणजे मीच. झाडणारा मी, ग्रंथपाल मी, वसुलीला जाणारा मी.

तुमची चर्चा चांगली आहे, पण आमचंही ऐका. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा 'ड' वर्गाचे वर्षाला ४८,००० रुपये झाले. त्यातच पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, भाडं आणि माझं मानधन. हप्ता कधी येईल सांगता येत नाही. शेतीवर घर चालतं. मी ग्रंथालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला, तिथे कॉम्प्युटर शिकवला, परत आल्यावर हात लावायला कॉम्प्युटर नाही.

एवढ्या मानधनात संगणकीकरण करा म्हणणं म्हणजे बैल न देता औत धरायला लावणं आहे. वेतनश्रेणीची मागणी आमच्या मेळाव्यांत वर्षानुवर्षं होते. कर्मचाऱ्याला बदलायला सांगताना त्याला काय मिळतं हेही कुणी बोला.

तरी एक करतो. मोबाइलवर शीट करून नवी आलेली पुस्तकं टाकतो आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर यादी देतो. त्याने वाचक वाढले, विशेषतः बाया. दुपारी शेतातून आल्यावर पोराला पाठवून पुस्तक मागवतात. यादी पाहून मागतात, हे पहिल्यांदाच व्हायलंय.

---

गोदाकाठची

दुधनाकाठ दादा, तुम्ही जे करताय ते आमच्या 'अ' वर्गालाही जमलेलं नाही. मला ती शीट कशी मांडलीत ते पाठवाल का? पैशाचा मुद्दा तुमचा शंभर टक्के खरा आहे. आमच्याकडे नोंदणीच्या कामाला दर नोंदीमागे वेगळा मोबदला द्यावा, कार्यालयीन वेळेबाहेरचं काम म्हणून, असं मी मांडणार आहे. देणगीदार संगणकाला पैसे देतो, कारण संगणकावर नाव लिहिता येतं. त्याला सांगून पाहू की काही रक्कम श्रमाला दे.

---

अभ्यासिका_धाराशिव

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, रोज वाचनालयात असते. वाचकाच्या बाजूने सांगू का? आमच्याकडे संगणकाची सोय झाल्यावर आम्हाला खरा फायदा झाला तो शोधण्यात. पण शोधायचा संगणक ग्रंथपालांच्या टेबलावर, त्यांच्या बाजूला तोंड करून आहे. म्हणजे पुस्तक शोधायचं तर त्यांना उठवायचं, ते कामात असतात, आपल्यालाच संकोच होतो. वाचकांसाठी एक वेगळा पडदा ठेवा, जुना संगणक चालेल. अभ्यासिकेतल्या मुलांना नोंदणीच्या कामाला घ्या असंही सुचवेन. सुट्टीत आमच्यातले कितीतरी करतील. फक्त त्यांच्यामुळे मामांना बाजूला करू नका. आमच्याकडे तसं झालं, आणि ते मामा आता फक्त पाणी भरतात. वाईट वाटतं.

---

मांजराकाठ

सगळे प्रतिसाद वाचले. तुटीची गोष्ट माझ्या कधी डोक्यात आली नव्हती. आमचे ग्रंथपाल का टाळत होते ते आता लक्षात यायलंय. येत्या बैठकीत निर्लेखनाचा विषय घेतो. तरी एका मुद्द्यावर मी ठाम आहे : तारीख हवी. तारखेशिवाय आमच्या संस्थांत काहीच संपत नाही.

---

गोदाकाठची

तारीख हवी, मान्य. तिच्याआधी काय काय व्हायला हवं ते लिहून मगच ठरवू.

तुमच्या सगळ्यांच्या मदतीने मी कार्यकारिणीपुढे ठेवायला एक मसुदा केलाय, थोडक्यात सांगते. पुढच्या बैठकांना चारही कर्मचारी येतील आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात लिहिलं जाईल. नोंदणीत निघालेली जुनी तूट कुणाकडून वसूल होणार नाही. मामांचं टेबल आणि हुद्दा कायम, स्कॅनर त्यांच्याकडे. सुरुवात सर्वाधिक फिरणाऱ्या पुस्तकांपासून करू : कथा-कादंबऱ्या, बालविभाग आणि स्पर्धा परीक्षा. फसली सनातल्या आणि मोडीतल्या नोंदी शेवटी, मोडी वाचणारा माणूस शोधून. दुपारच्या बंद वेळेत नोंदणीचं काम, त्याचा वेगळा मोबदला. एका विभागाची नोंद पूर्ण झाली की त्या विभागाची देवघेव स्कॅनरवर जाईल आणि तीन महिने वहीतही चालेल. तीन महिन्यांनी वही बंद, छापील नोंद चालू. वीज गेली तर चिठ्ठीवर लिहायचं आणि त्याच दिवशी चढवायचं. सगळं मिळून दोन वर्षं धरली आहेत.

मामांना हे वाचून दाखवलं. स्कॅनरचं ऐकून म्हणाले, "पण वाचलेलं पुस्तक परत न्यायलं तर ते मशीन सांगतंय का?" सहायक म्हणाले, सभासदाचा जुना इतिहास निघतो. मामा म्हणाले, "मग माझ्याकडं तोंड करून बसवा त्याला." तर पडदा दोन्हीकडून दिसेल असा बसवायचं ठरलंय. अभ्यासिका ताई, वाचकांसाठीचा वेगळा पडदाही यादीत घातला आहे.

कुणाला काही खटकत असेल तर लगेच सांगा, बैठक जवळ आली आहे.

---

निवृत्त ग्रंथपाल, बीड

मसुदा उत्तम. एक दुरुस्ती करा. 'तीन महिन्यांनी वही बंद' असं सरसकट लिहू नका. प्रत्येक विभागाची वही ३१ मार्चलाच बंद करा आणि १ एप्रिलपासून छापील नोंद धरा. मध्येच बंद केलीत तर वार्षिक अहवालात अर्ध्या वर्षाची देवघेव वहीतली आणि अर्ध्याची संगणकातली येईल, बेरीज जुळणार नाही, आणि तपासणीला उत्तर द्यायला सहायकच उभे राहतील. निर्लेखनाच्या ठरावावर सर्व उपस्थितांच्या सह्या घ्या, फक्त अध्यक्ष-कार्यवाहांच्या नको. मोडी वाचणारे एकजण माझ्या ओळखीचे आहेत, व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवतो.